सारजाबाईंच्या वाट्याला आलेला गणू

“हे काय बाई? चौथीच्या पोरांचं पुस्तक?”

समाजशिक्षणाचे साहेब धाराशिवहून जीपने आले होते, तेही न कळवता. अणदूरच्या शाळेच्या ओसरीवर माझा प्रौढ बायकांचा वर्ग भरला होता आणि सगळ्या जणी एक साहसकथा उघडून बसल्या होत्या. गणू नावाचा पोरगा घरातून पळून पडक्या किल्ल्यावर जातो आणि त्याला मोहरांचा हंडा सापडतो, अशी ती गोष्ट. किल्ल्याचं नाव पुस्तकात नव्हतं. बायकांनी पहिल्याच दिवशी तो नळदुर्ग ठरवून टाकला होता.

“नवसाक्षरांची पुस्तकं कुठं गेली?” साहेबांनी विचारलं.

नवसाक्षर म्हणजे नुकतं वाचायला शिकलेलं माणूस. त्यांच्यासाठी सरकारकडून पातळ पुस्तकं यायची. कंपोस्ट खत, देवीची लस, विहिरीची सफाई. पुस्तकं वाईट नव्हती. पण खताचं पान उघडलं की ओसरीभर जांभया सुरू. रुक्मिणबाई तर तोंडावर म्हणाल्या होत्या, “बाई, खत आमी रोज डोक्यावर वाहतो. आता वाचायचं बी त्येच व्हय?” मग मी हेडमास्तरांकडून मुलांच्या पूरक वाचनाची पुस्तकं मागून आणली.

हे मी साहेबांना सांगितलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “वाचून दाखवू द्या. मग बघू.”

त्या ‘बघू’त सगळं आलं होतं. वर्ग पुढे चालवायचा की बंद करायचा, हे साहेबांच्या शेऱ्यावर ठरायचं. शेजारच्या गावातला वर्ग असाच बंद झाला होता.

आमचं वाचन चालायचं वाटणी करून. शाळेच्या भाषेत भूमिकावाचन. एकीने बाप व्हायचं, एकीने आजी, एकीने मोठा भाऊ, आणि ज्याचं त्याचं बोलणं मोठ्याने वाचायचं. वाक्यं छोटी असतात, पाळी पटकन येते, त्यामुळे कच्चं वाचणारीलाही धीर येतो.

वर्गात सगळ्यात कच्च्या सारजाबाई. डोकं चांगलं होतं, पण लक्ष ठिकाणावर नसायचं. त्यांचा थोरला, नामदेव, घरात कुणाला न सांगता सोलापूरला गिरणीत गेला होता. त्यांना मी मुद्दाम गणूचं काम दिलं. नायक असला तरी पहिल्या दोन धड्यांत तो नुसता ‘हो’ म्हणतो. बाकी सगळे बोलतात. गणू, पाणी आण. गुरं सोड. मध्ये तोंड घालू नकोस. सारजाबाई रोज कुरकुरायच्या, “बाई, गोष्ट ह्या पोराची आन बोलनं समदं दुसऱ्याला?” आम्ही हसायचो. मला वाटायचं, लिहिणाऱ्याला संवाद जमलेले नाहीत.

साहेब आले त्या दिवशी नेमका तिसरा धडा होता. गणू किल्ल्यावर पोचतो, तिथला म्हातारा राखणदार त्याची विचारपूस करतो आणि गणू अर्धं पान बोलतो. एवढं वाचणं सारजाबाईंना झेपणार नाही, म्हणून ते काम मी रुक्मिणबाईंना द्यायचं ठरवलं होतं. मी हळूच तसं सांगितलं. सारजाबाईंनी पुस्तक छातीशी धरलं.

“न्हाय बाई. दोन धडे नुसतं हो म्हनलं म्या. आता बोलायची येळ आली तर दुसरी?”

साहेबांसमोर हुज्जत कुठं घालायची?

रुक्मिणबाई राखणदार झाल्या. “पोरा, जेवलास का? घरी कोण कोण असतं? तुला काय आवडतं?” खणखणीत वाचलं त्यांनी. सारजाबाईंनी ओळीखाली बोट ठेवलं.

“मला… पोहता येतं. ते घरात… कुणाला माहीत नाही.”

आणि थांबल्या. बोट तिथंच.

“जोडाक्षर अडलं वाटतं,” साहेब म्हणाले. जोडाक्षर तिथं नव्हतंच.

“न्हाय साहेब,” सारजाबाई म्हणाल्या. “वाचता येतंय. वाचवंना.”

“म्हणजे?”

“ह्येला घरात कुणी कायबी इचारलंच न्हाय, साहेब. ह्ये कर, त्ये कर, गप बस. दोन धडे म्या त्येच ऐकायले. ह्या म्हाताऱ्यानं पयल्यांदा इचारलं, तर पोरगं भडाभडा बोलाय लागलं. ह्यो मोहरांसाठी न्हाय पळाला.”

“अगं, मोहरांसाठीच की!” रुक्मिणबाई म्हणाल्या. “पुस्तकावरचं चित्र बघ, हंडा काढलाय.”

“चित्र हाय. पन घर सोडताना त्येला मोहरा म्हाईत तरी होत्या का? काढ पयला धडा.”

सगळ्यांनी पानं उलटली. जी बाई परवापर्यंत अक्षर लावायला घाबरायची तीही पहिल्या धड्यात मोहरा शोधायला लागली. साहेबांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि तेही शोधू लागले.

“खरंच नाहीत,” ते म्हणाले. मग पुस्तक मला परत देत, “हं, बाई. पुढं वाचा.”

सारजाबाईंनी डोळे पुसले आणि ते अर्धं पान वाचलं. एका ठिकाणी चुकल्या, मागे आल्या, नीट वाचून पुढे गेल्या. पान संपलं तेव्हा मला असा आनंद झाला की साहेब बसलेत हेही मी विसरले. माझ्या हाताखाली शिकलेली बाई गोष्टीच्या पोटात शिरून मला न दिसलेलं काढून आली होती. दुसऱ्या कुठल्या मास्तरणीला असं सुख मिळालं असेल का, याची मला शंका आहे.

‘वर्ग चालू ठेवावा’ असा शेरा पडला. जीपमध्ये चढताना साहेब म्हणाले, “अधूनमधून खताचंही वाचत जा.”

पुढच्या धड्यात गणू हंडा घेऊन घरी येतो आणि अख्खा गाव त्याच्याभोवती जमतो. कुठं होतास, कसा गेलास, काय खाल्लंस. सारजाबाई बारीक आवाजात म्हणाल्या, “आता बरं इचारायलेत. हंडा दिसल्यावर.”

त्यानंतर त्या काही दिवस वर्गाला आल्या नाहीत. भाकरी बांधून एसटीने सोलापूरला गेल्याचं कळलं. परत आल्या त्या एकट्याच.

“नामदेव आला नाही?” मी विचारलं.

“न्हाय. येत न्हाय म्हनला.” त्या पुस्तक उघडून जागेवर बसल्या. तोंड उजळलेलं होतं. “पन बाई, लई बोलला.”

गोष्ट संपली की फळ्यावर तात्पर्य लिहायची तेव्हा पद्धत होती. मी ती त्या वर्षापासून सोडली. तात्पर्य ज्याचं त्याने काढावं, शिकवणाऱ्याने अक्षरं नीट शिकवावीत. ती मी नीट शिकवली होती.