चिनी ताटातला मुराळी

पंचमीच्या आदल्या दिवशी कळंबहून वाशीला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खड्डा आला की स्वतःला सावरायचं सोडून ती त्यालाच दोन्ही हातांनी धरायची.

मी बघतोय म्हटल्यावर तिनं लुगडं बाजूला केलं. चिनी मातीचं मोठं पांढरं ताट होतं. त्यावर निळ्या रंगात वेटोळं घातलेला ड्रॅगन, आणि त्याच्या कपाळाला हळदीकुंकू.

"नागोबा हाय आमचा," ती म्हणाली. "आजेसासऱ्यानं हैदराबादेतनं आणलेला. दरसाल ह्यालाच पुजतो आमी."

मला गप्प बसवेना. "मावशी, हा चीनमधला प्राणी. तिथल्या कारागिरानं रंगवला आणि जहाजात घालून परमुलखात विकायला धाडला. नागाला कधी पाय असतात का? याला तर आहेत."

तिला राग आला नाही. "लेकीला भाऊ न्हाय," ती म्हणाली. "भाऊ मुराळी होऊन न्यायला आल्याबिगर तिच्या सासरची पंचमीला धाडत न्हाईत. नागोबा बाईचा भाऊच की. म्हून औंदा ह्यालाच घेऊन चाललेय."

मग ड्रॅगनच्या पायांवरून बोट फिरवत ती हसली. "आन् दर्या वलांडून आलाय म्हंता, तर पाय नकोत व्हय त्याला?"

असलं गिऱ्हाईक त्या चिनी कारागिराच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल.

वाशीला ती उतरली. ताट तिनं पुन्हा गुंडाळलं नाही. छातीशी धरलं आणि नागोबाला रस्ता दिसेल असं तोंड पुढं करून चालू लागली.