मी चालायला निघालो आणि माझी नोकरी गेली

डॉक्टरांनी विचारलं, "रोज चालता का?" मी "हो" म्हणालो. घराच्या दारापासून मोटरसायकलपर्यंत मी रोज चालतो, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. डॉक्टरांनी रक्ताच्या रिपोर्टकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून खरंखुरं चाला."

महाडमध्ये माझं घर वीरेश्वराच्या देवळाच्या मागे आहे. तिथून बाजारपेठेतून गेलं की थोड्याच वेळात चवदार तळं येतं. देऊळ ते तळं, तळ्याला एक फेरी आणि परत, असा बेत मी ठरवला. बायकोला ऐटीत म्हणालो, "पुण्या-मुंबईचे लोक पैसे भरून हेरिटेज वॉकला जातात. आपल्याकडे इतिहास दारात आहे."

"दारात आहे म्हणूनच कधी गेला नाहीत," ती भाजी निवडत म्हणाली.

मी लगेच पांढरेशुभ्र बूट आणले. त्या महिन्यात एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळ मोकळी होती. पहिल्या दिवशी देवळाला बाहेरूनच हात जोडले आणि निघालो. बाजारपेठेच्या तोंडाशी एक जुना वर्गमित्र स्कूटरवरून आला आणि थांबला.

"गाडी बिघडली काय?"

"नाही रे. चालतोय."

"कुठे?"

"तळ्यापर्यंत."

"तिथे काय काम काढलंस?"

"काम काही नाही."

त्याने माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बस मागे. सोडतो."

मी नको म्हणालो. तो पुन्हा म्हणाला. आमच्याकडे तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे भांडण काढणं, म्हणून मी बसलो. त्याने मला तळ्यावर सोडलं, मी फेरी मारेपर्यंत फाटकाशी थांबला आणि घरी आणून पोचवलं. वाटेत वडापावही खाऊ घातला. पहिल्या दिवशीचं माझं चालणं हे असं झालं.

पुढेही फारसा फरक पडला नाही. रोज कुणी ना कुणी थांबायचं. हातात पिशवी नाही, बरोबर बाई नाही, चेहऱ्यावर घाई नाही आणि कामाच्या वेळेला पन्नाशीचा माणूस पायी फिरतोय, हे आमच्या गावाला पटत नव्हतं. मला मात्र वाटायचं, लोकांना आपल्याबद्दल केवढा आदर! एकदा तर एका दुकानदाराने खुर्ची बाहेर आणली आणि म्हणाला, "बसा हो. वेळ काय, सगळ्यांवर येते." मी त्याला प्रेमाने म्हणालो, "हो ना, वय कुणाला चुकलंय." तो मान हलवत राहिला.

तळ्याची फेरी झाली की माझा श्वास फुले. मग मी कठड्याला टेकून बसत असे, रुमालाने डोकं पुसत असे आणि किती पावलं झाली ते मोबाइलमध्ये बघत असे. लांबून बघणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की हा माणूस मान खाली घालून, डोक्याला हात लावून पाण्याकाठी एकटा बसलाय.

एका सकाळी मी बूट चढवत होतो, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. त्यातून माझी थोरली बहीण उतरली. ती पोलादपूरकडे कापड्याला असते. घरची भातशेती, दोन्ही मुलगे मुंबईला. पूर्वकल्पना न देता ती आमच्याकडे कधीच येत नाही. आज तिच्याबरोबर तांदळाचं पोतं होतं, सुक्या मासळीची पुडी होती आणि चेहरा असा, की मला वाटलं, भावोजींना काही झालं की काय?

तिने पोतं उंबऱ्याच्या आत ओढलं आणि माझा हात धरला.

"नोकरी गेली तर गेली. भात हाय आपल्याकडं. तू काय जीवाला लावून घेऊ नको."

"कुणाची नोकरी गेली?"

"आता माझ्यापासून पन लपवतोस? आमच्या वाडीतला एकजण तुमच्याच एमआयडीसीत कामाला हाय. तो बोलला, तुझा भाऊस येड्यावानी फिरतो गावात. गाडी पन विकली म्हनं."

मी अंगणातल्या मोटरसायकलकडे बोट दाखवलं. तिने पाहिलं, पण समाधान झालं नाही. "गिऱ्हाईक आला नसंल," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुंबईहून धाकटा भाचा होता. तिने फोन माझ्या कानाला लावला.

"मामा, टेन्शन नाय घ्यायचा," तो म्हणाला. "इकडं ये. आमच्या टॉवरला सिक्युरिटीत माणूस पाहिजे. सुपरवायझर आपलाच हाय. फक्त उभा राहायचा. चालायचा पन नाय."

मला हसू आवरेना. हसत हसत बहिणीकडे वळलो, तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती हळूच म्हणाली, "हस तू. पन त्या तळ्यावर एकटा बसत जाऊ नको रे. मला सगळा सांगितलाय लोकांनी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्गमित्राने खालच्या आवाजात बस म्हणणं, दुकानदाराची खुर्ची, रोज कुणीतरी थांबणं. महिनाभर अर्धं गाव माझ्यावर पाळत ठेवून होतं, आणि मी समजत होतो की या वयात आपण लोकप्रिय झालो. माझं हसू थांबलं. मी आत जाऊन कंपनीचं ओळखपत्र आणलं, डॉक्टरांचा कागद आणला, बायकोला साक्षीला बोलावलं. बायकोने बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं.

बहिणीने चहाचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. आता तिची काळजी जाऊन राग आला होता.

"म्हंजे काम नसताना चालायचा? मुद्दाम?"

"हो. डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टरला सांगायचा, माझी बहीन कापड्याला असते, तिच्या शेतावर पाठवा." तिने कप खाली ठेवला. "चल. मला दाव, कसा चालतोस."

आम्ही निघालो. देवळात ती आत जाऊन आली. छबिन्याच्या जत्रेला ती लहानपणापासून यायची, ते देऊळ तिचंच होतं. बाजारपेठेतून ती साध्या चपला घालून अशी निघाली, की मी नवे बूट घालून तिच्या मागे धापा टाकत होतो. वर्गमित्र पुन्हा भेटला. या वेळी त्याने आमच्याकडे पाहिलं, बहिणीला नमस्कार केला आणि सुटलो एकदाचा अशा चेहऱ्याने निघून गेला. घरचं माणूस आलं होतं. गावाची जबाबदारी संपली होती.

तळ्यापाशी ती थांबली. एवढी वर्षं महाडला बाजाराला, दवाखान्याला, तहसिलीत आली, पण तळ्यावर कधी आली नव्हती. "एसटी चुकंल म्हनून नाय जमला," ती म्हणाली. माझी एसटी कधीच चुकणार नव्हती आणि महिन्यापूर्वीपर्यंत मीही आलो नव्हतो, हे मी तिला सांगितलं नाही.

फाटकाबाहेर एक बस उभी होती. विदर्भातून माणसं आली होती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका पायऱ्यांवर उतरत होत्या. एका तरुणाने मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. मी काढला. त्यात माझा अंगठा बराच आला होता. त्याने फोटो बघून फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

आम्ही कठड्यावर टेकलो, तशी त्यांच्यातली एक म्हातारी बाई आमच्याजवळ येऊन बसली.

"तुम्ही इथलेच काय?"

"हो, महाडचाच," मी ताठ बसून म्हणालो. "रोज येतो इथे."

"नशीबवान आहात बापा," ती हात जोडून म्हणाली.

मी नम्रपणे मान झुकवणार, एवढ्यात बहीण म्हणाली, "साखर वाढलीय त्याची. म्हनून येतो."

मला वाटलं, आता या बाईंना काय वाटेल! पण त्या एकदम पुढे सरकल्या. "मलाबी आहे! गोळी किती घेता?" मग त्या दोघींचं सुरू झालं. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, रात्रीचा भात बंद करावा की नाही. बहीण भाताच्या बाजूने हिरिरीने बोलली. मी दोघींच्या मधे पेशंट म्हणून बसून होतो.

जरा वेळाने बहिणीने विचारलं, "येवढ्या लांबून आलात, ते काय मागायला? नवस हाय काय?"

"मागायला नाही आले," म्हातारी म्हणाली. "माझा बाप लहान होता तेव्हा आमच्या गावच्या विहिरीवर त्याची माय घागर घेऊन बसून राहायची. कोणी वरून पाणी ओतलं तर मिळायचं. मग त्यांच्या कानावर आलं, की महाडात आपली माणसं तळ्यात उतरली आणि स्वतःच्या हातानं पाणी घेतलं. बाप ते सांगायचा ना, तेव्हा ओंजळ करून दाखवायचा. त्याला यायला नाही जमलं. मी आले."

आमच्या लहानपणीच्या वाडीवरच्या विहिरीचं बहिणीला काय आठवलं असेल ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या विहिरीवरही काहींना घागर घेऊन थांबावं लागायचं, हे दोघांनाही माहीत होतं. मग ती उठली, चपला काढल्या आणि म्हातारीचा हात धरून पायऱ्या उतरली. दोघींनी पाणी घेऊन डोळ्यांना लावलं.

इतके दिवस मी या पाण्याभोवती फिरलो होतो, पण ओंजळभर पाणी घ्यावं असं मनात आलं नव्हतं. माझी नजर मोबाइलमधल्या पावलांवर. मीही उतरलो. बूट काढायचं सुचलं नाही. ओल्या पायरीवर माझा पाय सरकला आणि उजवा बूट घोट्यापर्यंत पाण्यात गेला. म्हातारीने आणि बहिणीने मला दोन्ही बाजूंनी दंडाला धरलं. तसाच वाकून मी पाणी घेतलं. परतताना अख्ख्या बाजारपेठेत माझ्या एका बुटाचा पचक पचक आवाज येत होता.

बहीण संध्याकाळच्या गाडीने गेली. पोतं परत न्यायला तयार झाली नाही.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, वाडीतल्या दोघी शेजारणींना घेऊन. त्यांना तिने देऊळ दाखवलं, तळं दाखवलं आणि मला म्हणाली, "आता त्या पाल्याच्या लेण्यांवर ने. हायवेवरनं जाताना नुसती भोकं दिसतात." मला नेणं भाग होतं.

लेण्यांच्या पायऱ्या निम्म्या चढलो आणि मी बसलो. त्या तिघी पदर खोचून बोलत बोलत वर गेल्यासुद्धा. खाली सावित्री नदी, पलीकडे हायवेवरचे ट्रक, आणि माझे कान गरम झालेले. वरून बहिणीची हाक आली, "ये रे! हितं किती गार हाय बघ!"

"आलो!" मी ओरडलो, आणि आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.