फॉल लावलेली साडी

वऱ्हाडात लग्न लागलं की साड्या चालू लागतात. नवरीच्या अंगावरच्या नव्हे, आहेरातल्या. काकूला आलेली साडी मावसबहिणीच्या लग्नात जाते, तिथून विहिणीकडे, विहिणीकडून तिच्या भाचीकडे, आणि एवढ्या प्रवासात तिची घडी एकदाही मोडत नाही. नेसायला ती कोणी घेतच नाही. रंग असा असतो की विकताना दुकानदारसुद्धा दुसरीकडे बघतो. घरोघरी मातीच्या चुली, तशा घरोघरी या साड्यांच्या पेट्या. देणारीला ठाऊक असतं, घेणारीलाही ठाऊक असतं, तरी "एवढं कायले केलं बाई" असं म्हणावंच लागतं.

अमडापूरच्या जयमालाने आपला धंदा या पेट्यांवर उभा केला.

तिला नोकरी नव्हती, मिळण्यासारखीही नव्हती. नवरा गजेंद्र चार एकर कोरडवाहू शेती करायचा आणि हंगामात लोकांचा ट्रॅक्टर चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडून एकदा एक वाक्य गेलं. जयमालाची आई भिमाबाई साखरखेर्ड्याला एकटी राहायची. मुलगा नाही, एकुलती एक मुलगी ही. वडील वारले आणि आईला मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा जयमालाने गजेंद्रकडे पैसे मागितले. त्याने लगेच दिले, पण देता देता म्हणाला, "घे. तुह्या मायचं आता आपल्याच डोक्शावर आलं."

तो दुसऱ्या क्षणी विसरला. पुरुषांना हे बरं जमतं. जयमाला मात्र विसरली नाही. आईच्या गोळ्यांना, तिच्या गॅसच्या टाकीला यापुढे सासरचा एक रुपया लावायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं. पैसा येणार कुठून, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

वाट सापडली ती आईकडेच. भिमाबाईच्या शेजारणीला लग्नाला जायचं होतं आणि आहेराला साडी नव्हती. जयमालाने पुढच्या खेपेला आपल्या पेटीतली एक आणून दिली, दुकानापेक्षा कितीतरी स्वस्तात. शेजारणीने आणखी तीन मागितल्या आणि आपल्या पेटीतल्या दोन विकायला काढल्या. तिथून गाडी रुळावर आली.

दुपारी पुरुषमाणसं शेतात गेली की जयमाला पिशवी घेऊन निघायची. साडी घ्यायची, घडीतली नावाची चिठ्ठी काढायची, कुंकवाचा डाग पुसायचा, गादीखाली दाबून घडी कडक करायची आणि नव्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायची. अमडापूरच्या साड्या साखरखेर्ड्याला आणि तिकडच्या इकडे. एका गावची साडी त्याच गावात विकायची नाही आणि कोणाची साडी कोणाकडे गेली, ते कोणालाही सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिने या धंद्यात पडूच नये.

आणखी एक नियम तिने स्वतःच घालून घेतला होता. फॉल लावलेली साडी घ्यायची नाही. आहेराच्या साडीला फॉल लावायच्या भानगडीत कोणी पडत नाही. जिला फॉल लावलाय, ती साडी देणारीने नेसण्यासाठी दिलेली असते, मनापासून. तशी साडी विकली जाऊ नये, असं तिला वाटायचं.

हा नियम तिने मोडला तो आईच्या पत्र्यांसाठी. भिमाबाईच्या घराचे पत्रे गंजून चाळण झाले होते. गेला पावसाळाभर म्हातारी खाट इकडून तिकडे ओढत होती. पुतण्याने गोड बोलून सांगून ठेवलं होतं, "काकू, घर माह्या नावावर करा, पत्रे मी टाकून देतो." आणखी एक पावसाळा असाच गेला असता, तर म्हातारीने अंगठा दिला असता. मृगाच्या आत पत्रे टाकायचेच, म्हणून जयमाला पैसे साठवत होती आणि ते थोडक्यात कमी पडत होते. अशात एका दुपारी गावातलीच सरस्वतीबाई पदराखाली साडी लपवून आली. हिरवी, पोपटी काठाची, चांगल्या दुकानातली. फॉल होता. जयमालाने तो पाहिला, बोटाने चाचपलाही, आणि साडी घेतली.

साखरखेर्ड्याला ती अन्नपूर्णा नावाच्या बाईने हातोहात उचलली.

आता गंमत बघा. अमडापुरात सिंधूताईंचं घर मोठं. ट्रॅक्टर, विहिरी, दुमजली घर. त्यांच्या नातवाचं बारसं झालं, तेव्हा सुनेची मामी आहेर घेऊन आली. ही मामी म्हणजेच अन्नपूर्णा. तिने सिंधूताईंच्या ओटीत साडी ठेवली ती हिरवी, पोपटी काठाची. दोन गावांचा फेरा करून साडी जिथून निघाली तिथेच परत आली.

सिंधूताईंनी ती लगेच ओळखली. शिवमच्या, म्हणजे मुलाच्या लग्नात त्यांनी चार जावांना आणि एका नणंदेला मानाच्या साड्या दिल्या होत्या, रुसवेफुगवे नकोत म्हणून पाचही एकाच रंगाच्या. पाचही साड्यांना त्यांनी स्वतः बसून फॉल लावले होते आणि हिरवा दोरा संपला म्हणून जांभळा वापरला होता. जांभळा दोरा बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानंतर राग आला.

त्यांनी पापड लाटायच्या दिवशी जयमालाला बोलावणं धाडलं. ओसरीवर जावा आणि नणंद पोळपाट घेऊन बसल्या होत्या. नणंद म्हणजे हीच सरस्वतीबाई. तिला गावातच दिली होती. सिंधूताईंनी साडी सगळ्यांच्या मध्ये टाकली.

"जयमाला, हे तुह्या हातानं साखरखेर्ड्याले गेली. अन्नपूर्णानं कबूल केलं माह्याजवळ. या पाचांतल्या कोनं विकली?"

लाटणी थांबली. जयमालाने सरस्वतीबाईकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

"सांग ना! का मीच सांगू?" सिंधूताई धाकट्या जावेकडे वळल्या. "बेबी, तूच असशीन. तुह्याच घरी नेहमी ओढाताण."

बेबीताईचा चेहरा पांढरा पडला. ती कसली विकते, ती तर दर सणाला तीच साडी नेसायची.

"बेबीताईनं नाई विकली," जयमाला म्हणाली.

"मंग कोनं?"

"ते नाई सांगत मी."

"नको सांगू. मंग आजपासून या गावात कोनाच्या दाराची कडी वाजवायची नाई. मी पाहतो तुले कोन साडी देते तं."

सिंधूताई बोलल्या म्हणजे गावाने ऐकलं, हे जयमालाला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांसमोर आईची खाट आली. एक नाव घेतलं की सगळं वाचत होतं आणि ते नाव हातभर अंतरावर लाटणं धरून बसलं होतं. खोटं कशाला सांगा, क्षणभर ते तिच्या ओठांवर आलंही.

"ताई, आज तुमाले तिचं नाव सांगतलं, तं उद्या तुमचं नाव कोनालेबी सांगीन मी. मंग माह्यावर कोन भरोसा करन?" "चूक माहीच हाये. फॉल लावलेली साडी मी घेत नाई. तरी घेतली. मायच्या घरावर पत्रे टाकाचे होते."

मग सरस्वतीबाईने डोळ्यांवरचा चष्मा काढला. पिठाच्या हातांनी काढला, त्यामुळे काच पांढरी झाली.

"वहिनी, बेबीले काऊन बोलता? अन् हिले तरी काऊन? म्या विकली."

"तू? आत्याच्या मानाची साडी?"

"हाव. हा चष्मा कराचा होता. मले गहू निवडता येत नव्हते. आमच्या यायले म्हनलं, तं म्हनतात, तुले कोनतं पुस्तक वाचाचं हाये?"

चष्मा सगळ्यांनी पाहिला होता. नवऱ्यानेच करून दिला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"अवं, पन मले मागाचे होते पैसे!" सिंधूताई कळवळून म्हणाल्या. "मी काय नाई म्हनलं असतं?"

सरस्वतीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच विचारायचं म्हणून तिने विचारलं, "तुमच्याजवळ होते काय, वहिनी?"

सिंधूताईंच्या घरात ट्रॅक्टर होता, विहिरी होत्या. पण कपाटाची किल्ली गुलाबरावांच्या, म्हणजे नवऱ्याच्या अंगावर कायम, जानव्यासारखी. मिठाची पुडी आणायची तरी सिंधूताईंना हात पसरावा लागायचा. हे गावाला माहीत नव्हतं. नणंदेला माहीत होतं. आपल्या भावाला ती ओळखून होती.

सिंधूताईंनी साडी उचलली, घडी केली आणि बेबीताईपुढून एक लाटी घेतली. "जयमाला, उभी काऊन राह्यली? पोळपाट घे अन् बैस," एवढंच म्हणाल्या.

जयमाला बसली. दार बंद झालं की उघडं राहिलं, हे तिला कळत नव्हतं. पुढे ते उघडंच राहिलं. मे महिन्यात साखरखेर्ड्याच्या घरावर नवे पत्रे चढले आणि पुतण्या खालून बघत राहिला.

पण त्या दिवशी पापड वाळत घालून सगळ्या जणी गेल्या, तेव्हा सिंधूताईंनी जयमालाला हाताने खूण करून मागच्या खोलीत नेलं. पेटी उघडली. आत आहेराच्या साड्या ठासून भरल्या होत्या. त्यांनी चार काढल्या आणि बाहेरची चाहूल घेत हळूच विचारलं, "या खपतीन काय वं तिकडे?"

जयमालाने साड्या पाहिल्या, भाव सांगितला आणि पैसे त्यांच्या हातावर ठेवले. सिंधूताई नोटा धरून तशाच उभ्या राहिल्या. आधी उशीखाली हात गेला, मग देव्हाऱ्याकडे, मग पुन्हा माघारी आला. साठीला आलेली बाई, नातवाची आजी, आणि स्वतःचे पैसे कुठे ठेवतात तेच तिला ठाऊक नव्हतं.

"गव्हाच्या कोठीत ठेवा, ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तिथं पुरुषमानसं हात घालत नाईत."