चादरमावशीचे छत्तीस लंगोट

तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळे चादरमावशी म्हणत. डॉक्टरसुद्धा. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या. डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी चादर कोणत्या वॉर्डातली ते ती सांगायची. मुलांच्या वॉर्डातली कोपऱ्यांना विरलेली, कारण पोरं कोपरे चावतात. हाडांच्या वॉर्डातली पायथ्याशी विरलेली, कारण तिथला माणूस पडून पडून टाचा घासण्यापलीकडे काय करणार?

धुण्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. आणि शेवटच्या पाण्यात टोपणभर औषध पडलंच पाहिजे, हा तिचा नेम. दुकानात त्याला सॉफ्टनर म्हणतात, मावशी औषधच म्हणायची. फुलांच्या वासाचं, कापड मऊ करणारं. औषधाशिवाय धुणं म्हणजे मिठाशिवाय स्वयंपाक. घरीही तोच खाक्या. मुलाच्या बनियनचा वास बसमध्ये इतका दरवळायचा की लोक वळून पाहायचे, असं तो सांगायचा. त्यात खरं किती आणि हौस किती, देव जाणे.

सून शहराच्या कचरा डेपोवर वजनकाट्याच्या खोलीत बसायची. गाडी भरून आली की वजन, रिकामी होऊन निघाली की पुन्हा वजन. “आई धुते, बायको तोलते, आणि मळवायला मी एकटा,” असं मुलगा म्हणायचा. तो या घरातला सगळ्यात आनंदी माणूस होता.

पाचव्या महिन्यात सुनेने जेवता जेवता तीन गोष्टी सांगून टाकल्या. बाळाच्या खोलीला नवा रंग द्यायचा नाही, त्याचा वास कित्येक दिवस जात नाही. पाळणा विकत आणायचा नाही, तिच्या बहिणीच्या माळ्यावर एक धडधाकट पाळणा पडून आहे. आणि डायपर नाहीत. कापडी लंगोट.

“आम्ही लंगोट वापरले कारण दुसरं काही मिळत नव्हतं,” मावशी म्हणाली. “आता मिळतंय तर नको म्हणे. शिकलेल्यांची खुळं न्यारी.”

सुनेने वाद घातला नाही. तिने आमटी वाढून घेतली आणि म्हणाली, “गेल्या महिन्यात आमच्याकडे एक जुना खड्डा उकरला, आई. पाइप टाकायचा होता. पंधरा वर्षांपूर्वी बुजवलेला खड्डा. यंत्राने माती वर काढली तर त्यात एक डायपर. त्याच्यावरचं अस्वल हसत होतं. डोळे, लाल टाय, सगळं जसंच्या तसं. तो ज्या बाळाचा होता ते आता दहावीत असेल.”

मावशीचा घास हातातच राहिला. एकतीस वर्षं तिच्याकडे जे मळकं आलं ते धुऊन परत गेलं होतं. जे धुतलंच जात नाही त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. आणि ही समोर बसलेली पोर, पोटात पाच महिन्यांचा जीव घेऊन, रोज साऱ्या शहराने टाकलेलं तोलत होती आणि पंधरा वर्षं पुढचं बघत होती. मावशीला तिचं फार मोठं नवल वाटलं. ते तिने अर्थातच तोंडावर दाखवलं नाही. “अजून थोडं घे,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्याच आठवड्यात तिने निवृत्तीचा अर्ज दिला. अजून दोन वर्षं नोकरी होती. सून कामावर परत गेली की बाळ आपल्याजवळ राहील, लंगोट आपण धुऊ, पाळणाघराची पायरी चढायची वेळच येणार नाही, असा तिचा हिशेब. पाळणाघरात कापडी लंगोट घेत नाहीत, डायपरचं पाकीट आधी मागतात, हे तिने चौकशी करून आणलं होतं.

मग घरातल्या सगळ्यात जुन्या सुती चादरी निघाल्या. नवं कापड बाळाला नकोच, ती सांगायची. दोनशेदा धुतलं की कापडाचा ताठा जातो. माणसाचंही तसंच आहे, फक्त माणसाला जास्त धुवावं लागतं. तिहेरी पदर घालून तिने छत्तीस लंगोट शिवले. बहिणीचा पाळणा आला, तो साबणाने घासून तिने उन्हात ठेवला.

मुलगी झाली. मावशीच्या ओंजळीत ती दिली तेव्हा मावशी आधी तिच्या नखांकडेच बघत राहिली. नखं वाढलेलीसुद्धा होती. पोटातल्या त्या काळोखात बसून कुणीतरी वीसच्या वीस नखं एकेक करून बसवली होती, करंगळीचंही विसरलं नव्हतं. मावशीने ती दोनदा मोजली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते भरू दिले.

पहिले आठ दिवस कौतुकात गेले. मग कुरबुर सुरू झाली. लंगोट गळायचे. बाळ शू करायचं ती कापडात मुरायचीच नाही, मांड्यांवरून वाहत पाळण्यात जायची. तिसऱ्या आठवड्यात बाळाचं ढुंगण लालबुंद झालं. लंगोट बदलायला घेतला की ती अशी रडायची की शेजारच्या आजोबांनी रेडिओ बंद करून विचारलं, काय झालं.

“कातडी ओली राहतेय,” तपासायला आलेली नर्स म्हणाली. “थोडे दिवस डायपर लावून बघा.”

मुलगा संध्याकाळी पाकीट घेऊन आला. सुनेने ते मांडीवर घेतलं आणि तिचा बांध फुटला. “माझ्या हट्टाची शिक्षा हिला झाली,” ती म्हणाली. “डायपर नको म्हणून लोकांना सांगत फिरले, आणि पोटच्या पोरीचं बघितलं नाही. आई, मी पाळणाघरात नाव घालते. रजा संपली की लगेच. तुम्हालाही त्रास नको.”

आपण धुतलेल्या कापडात खोट? ते मावशीच्या मनाला पटेना. डायपर रात्रीपुरते लागले, दिवसा लंगोटच राहिले. तिने दुसऱ्या दिवशी लंगोट आणखी मन लावून धुतले आणि एका टोपणाऐवजी दोन टोपणं औषध घातलं. मऊ झाले की टोचणार नाहीत, असा तिचा साधा विचार.

दोन दिवसांनी दुपारी ती बाळाला अंघोळ घालून उठली. शेजारी लंगोटांची चळत होती. तिच्या कोपरावरून पाण्याचे चार थेंब वरच्या लंगोटावर पडले. पडले आणि तसेच उभे राहिले. गोल, टपोरे. तिने लंगोट तिरका केला तर ते घरंगळत खाली गेले, आणि कापड कोरडं.

मावशी बाळाला छातीशी धरून तशीच बघत राहिली. मग तिने स्वयंपाकघरातलं ओटा पुसायचं फडकं आणलं. त्या बिचाऱ्याच्या नशिबी औषध कधी नव्हतं. त्यावर थेंब टाकला. टाकला न टाकला तोच गडप.

इतकं साधं होतं. औषध कापडावर मेणासारखं बसत होतं. चादर पाणी प्यायली काय आणि न प्यायली काय, कोण बघतो? पण एकतीस वर्षं पेशंट म्हणत होते की या हॉस्पिटलचे टॉवेल पाणी पुसत नाहीत, नुसतं फिरवतात, आणि मावशी म्हणत होती की लोकांना पुसायचं कळत नाही.

आता सांगायचं की नाही? गपचूप औषध बंद केलं, कढत पाण्यातून लंगोट काढले, तर दोन दिवसांत सगळं ठीक होईल. कुणाला कळणार नाही. सांगितलं तर सून म्हणेल, ज्यांना धुणं जमलं नाही त्यांच्याकडे लेकरू कसं ठेवू? पाळणाघर पक्कं. पण आतल्या खोलीत ती पोर तीन दिवस स्वतःला दोष देत बसली होती, आणि दोष तिचा नव्हता.

मावशी आत गेली. “तुझा हट्ट नाही गं,” ती म्हणाली. “माझं औषध.” आणि तिने लंगोटावर थेंब टाकून दाखवला.

सुनेने तो थेंब बराच वेळ बघितला. “पंधरा दिवस रडत होती ती, आई,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “पंधरा दिवस.” मग तिने बाळ घेतलं आणि दार लोटलं.

मावशीने दुपारभर काम केलं. पाणी उकळायचं, लंगोट बुडवायचे, पिळायचे, फेस येतोय तोवर पाणी फेकायचं. साबण घातलाच नव्हता, तरी सहा पाण्यांपर्यंत फेस येत होता. एवढं औषध आपण त्या जिवाला गुंडाळत होतो, हे पाहून ती हबकून गेली. सातवं पाणी नितळ निघालं. ऊन कडक होतं. पहिला लंगोट वाळला तेव्हा तिने त्यावर थेंब टाकला, तो जिथे पडला तिथेच मुरला.

मागे सून उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिने दुसरा लंगोट दोरीवरून काढला, स्वतः थेंब टाकला, बोटाने चाचपून बघितला.

“पाळणाघराच्या बाईंना फोन केला मी,” ती म्हणाली.

मावशीने मान डोलावली. “बरं केलंस.”

“जागा नको म्हणून सांगितलं.”

मावशी दोरीवरचा चिमटा काढून पुन्हा लावत राहिली. शेवटी म्हणाली, “अगं, माझ्या हातून एवढं झालं. आणि तरीही?”

“तुम्ही बोलला नसतात तर मला जन्मात कळलं नसतं,” सून म्हणाली. “तिथे उद्या कुणाची चूक झाली तर मला येऊन कोण सांगणार आहे?”