कोळणीची भिंत

चारकोपला आमच्या सोसायटीच्या रस्त्याकडच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर एका कोळणीचं भलंमोठं चित्र आहे. नव्या कमिटीला त्याखाली पाटी लावायची आहे, ‘कष्टकरी हातांना सोसायटीचा सलाम’ अशी. चित्र झालं तेव्हा सेक्रेटरी मी होतो, म्हणून माहिती मला विचारली. सगळे सांगतात की कोळीण आपणहून धंदा सोडून गेली. ते खोटं आहे आणि ते मीच पसरवलं.

ती याच भिंतीला टेकून मासे विकायची. भवानी, म्हणजे सकाळची पहिली विक्री, माझ्याच हातची व्हावी हा तिचा हट्ट. मला उशीर झाला तर वॉचमनला वर पाठवायची. नोट कपाळाला लावून म्हणायची, “भाऊ, तुमचा हात लय चांगला.”

जागेच्या बाबतीत मात्र ती कोणाचंही ऐकायची नाही. रस्त्यावर बसणाऱ्याने जागा सोडली की ती गेलीच. ताप आला तर जावेला बसवायची, तीही नसली तर जागा धरायला माशांची रिकामी पाटी पालथी घालून जायची.

मग भिंती रंगवणारी मुलंमुली आली. त्यांच्यातली निळ्या केसांची मुलगी कोळणीला पाहून हरखलीच. तिला हिचाच चेहरा हवा होता, हिरवा, मागे गुलाबी आभाळ, आणि समोर तारेवर टांगलेले प्लास्टिकच्या बाटल्यांचे मासे. परांची बांधायची होती. मी म्हणालो, “मावशी, रंग होईपर्यंत पलीकडच्या गल्लीत बस.”

“जागा जाईल ना, भाऊ.”

“अगं, भिंतीवर तूच असणार. तुझी जागा कोण घेतंय?”

ती लाजली. नाकातली नथ चित्रात मोठी काढा, असं त्या मुलीला सांगून गेली. या वेळी तिने पाटीसुद्धा पालथी घातली नाही.

तिला परत बसू द्यायचं नाही हे कमिटीत तेव्हाच ठरलं होतं. खाली बाई मासे कापत बसली तर फोटो खराब येतील, वास येईल. ही सूचना माझी. त्या वेळी माझ्या फ्रीजमध्ये तिच्याकडचीच सुरमई होती.

चित्र पुरं झालं आणि तिच्या जागेवर आम्ही सिमेंटच्या कुंड्या पक्क्या बसवल्या. ती आली तेव्हा बाटल्यांचे मासे वाऱ्यावर खडखडत होते. तिने डोक्यावरची पाटी उतरवलीच नाही.

“भाऊ, एक कुंडी तरी सरकवा.”

सोसायटीच्या कट्ट्यावर बसलेले सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “मावशी, तुझं प्रमोशन झालंय. वर बघ! आता खाली कशाला बसतेस?”

सगळे हसले. सेल्फी काढायला थांबलेली एक मुलगी तिला म्हणाली, “आजी, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय.”

चित्र कोणाचं आहे ते मी त्या मुलीला सांगू शकलो असतो. “हो हो, सरक गं मावशी,” एवढंच म्हणालो.

उद्घाटनाला मावशीला आणा, असा निळ्या केसांच्या मुलीचा फोन आला. मी सांगितलं, सुनेने तिला घरी बसवलंय, आता येत नाही. मग सगळ्यांनाच तेच सांगत राहिलो.

हे सगळं मी नव्या सेक्रेटरीला सांगितलं. तो म्हणाला, “काका, हे पाटीवर कसं लिहायचं? आपण ‘सलाम’च ठेवू ना.” म्हणून इथे लिहितो आहे.

गेल्या आठवड्यात तिला शोधून काढलं. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गेटपाशी, गटाराच्या कडेला, उन्हात बसते. पाटी भरलेली होती. तिने मला लगेच ओळखलं. मी बांगडे मागितले, नोट पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

“अजून भवानी नाय झाली, भाऊ. थांबा.”

मी उन्हात उभा राहिलो. ती पाटीवर पाणी शिंपडत राहिली, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने हेल्मेट घातलेला एक माणूस आला, मांदेलीचा एक वाटा घेऊन गेला. त्याची नोट तिने कपाळाला लावली.

“हां, आता बोला. किती देऊ?”

माझी नोट तिने पाटीखाली सरकवली.