बुधवारची पिशवी

माझी बायको सुमिए माणसं मारते. दिवसभर दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायला बसते आणि पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कुणाचा तरी मुडदा पाडते, अर्थात कागदावर. जपानमधल्या मात्सुए गावात माझं न्हाव्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "घरी बिनघोर झोपता कसे हो तुम्ही?"

नवोदितांच्या रहस्यकथा स्पर्धेला तिनं अकरा वर्षं हस्तलिखितं पाठवली. बाराव्या वर्षी बक्षीस लागलं, पुस्तक निघालं. दुसरं मात्र कुणी हातात धरलं नाही. टोकियोच्या संपादक मोगामीबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तिसरंही चाललं नाही, तर थोडं थांबावं लागेल." त्या 'थोडं'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळला होता.

तिसऱ्या पुस्तकाची मुद्रितं तपासून आली, त्या सकाळी मी मिसोचं सूप वाढत होतो. सुमिए एका पानावर थिजली होती. मुद्रितशोधकानं समासात पेन्सिलीनं फार नम्रपणे लिहिलं होतं : 'सातव्या प्रकरणात खुनी रक्ताळलेला एप्रन जळाऊ कचऱ्यात टाकतो. पण तो महिन्याचा तिसरा बुधवार, म्हणजे त्या गावात फक्त बाटल्यांचा कचरा उचलायचा दिवस. पिशवी उचलली जाणार नाही. असंच ठेवायचं का?'

"संपलं सगळं," सुमिए म्हणाली. "एप्रन जळला नाही तर खुनी लगेच सापडतो. पुढची दीडशे पानं कचऱ्यात."

"कुठल्या वारच्या कचऱ्यात?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आठव्या प्रकरणात मीच मेलो असतो.

"वार बदल ना मग."

"अहो, मंगळवारी जत्रा आहे, गुरुवारी प्रेत सापडतं. वार कसा बदलू? आणि परवा हे परत पाठवायचंय."

पण यंदा गल्लीच्या कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी आमच्या घराकडे होती, म्हणजे माझ्याकडेच. आणि त्यातलं मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"अगं, चुकीच्या वारी टाकली म्हणून लाल चिठ्ठी लागलेली पिशवी तिथे पडून राहत नाही. पाळीवाला घरी नेतो, उघडतो, नीट वेगळं करतो. गेल्या महिन्यात मी तीन उघडल्या. कुणाची ते लगेच कळतं. पण तोंडावर कोण बोलणार? गुपचूप पुढच्या वारी टाकून द्यायची."

"तोंडावर कोण बोलणार," ती पुटपुटली. "म्हणजे पाळीवाल्यानं एप्रन पाहिला, आणि शेजाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून गप्प बसला तर?"

"मी बसलो असतो बाई."

"माहितेय हो मला!"

एवढं बोलून तिनं पेन्सिल उचलली. दात दुखतोय म्हणून दवाखान्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "मग इकडेच या की!" तरी ती दोन दिवस जागची हलली नाही. दीडशे पानं बचावली. गोष्टीत फक्त एक भित्रा न्हावी आला, सगळं ठाऊक असून शेवटच्या प्रकरणापर्यंत न बोलणारा. मला तो मुळीच आवडला नाही.

आठवड्यानं मोगामीबाईंचा फोन आला, तेव्हा मी एकाची दाढी करत होतो. मागच्या घरात सुमिए फोनसमोर आदरानं कमरेत वाकून "हो, हो" करत होती. मग ऐकू आलं, "न्हावी आवडला तुम्हाला? खपाची वाट न बघता पुढचं पुस्तक? वसंतापर्यंत? हो, देते ना!"

फोन बंद झाला तरी ती वाकलेलीच. वस्तरा ठेवून मी धावलो.

"अगं, ठेवला त्यांनी फोन."

"कळलंय," ती रडत हसत म्हणाली. "मला सरळच होता येत नाहीये."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसकण मारली. इतक्या वर्षांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. दुकानातून अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक हाका मारत होतं, मारू दिल्या.