तासकर सर बोटीवर

तासकर हे सरांचं खरं आडनाव नव्हे. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी गमतीत ते ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की नव्याने लागलेल्या शिक्षकांना वर्ष-वर्ष ते खरंच वाटायचं. अठ्ठावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक सर बनवत होते. बेचाळीस शिक्षक, एकतीस तुकड्या, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास. शाळेत संगणक आल्यावरसुद्धा ते आधी भल्यामोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत कागदाचे चौकोन मांडायचे, गणित लाल, विज्ञान हिरवं, आणि मगच तो पसारा कुणाला तरी टाइप करायला द्यायचे. सकाळी सव्वासातला ते दाराशी उभे. कोण आलं नाही, त्याचा तास कुणाच्या गळ्यात घालायचा, याच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातात तयार. मोकळ्या तासाला निवांत चहा घेत बसलेला माणूस सरांची चाहूल लागली, की कप तसाच टाकून मागच्या दाराने सटकायचा.

यामागे एक जुनी गोष्ट होती. नोकरीची पहिली चार वर्षं सर बदली शिक्षक होते. रोज सकाळी खिशात खडू घालून ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं. कुणी आजारी पडलं तर तास मिळायचा. नाहीतर शिपाई येऊन म्हणायचा, "आज सगळे आलेत हो," की उठायचं आणि घरी. रिकामा तास म्हणजे आपण कुणाला नको आहोत, हे त्या बाकावर त्यांच्या अंगात जे शिरलं ते शिरलंच.

आता निवृत्तीला दोन महिने उरले होते. सर त्याविषयी बोलत नसत. पण घरात पंखा पुसून झाला, की पडद्याच्या कड्या काढून धुवायला घेत आणि त्या वाळेपर्यंत दाराच्या बिजागरीला तेल घालत. मुलीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने आईबाबांसाठी चार दिवसांच्या क्रूझचं तिकीट काढलं आणि फोनवर बजावलं, "पहिल्यांदाच जाताय. एकही गोष्ट सोडू नका बरं का. सगळं तिकिटातच आहे."

गंमत म्हणून सांगितलेलं असतं माणसाने. सरांनी तो वरिष्ठांचा लेखी आदेश मानला.

त्यांची बायको एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसली होती. नाव? वय? काय होतंय? पुढचा नंबर! वर्षभरापूर्वी ती निवृत्त झाली होती. उजवा गुडघा तेवढा कुरकुर करायचा, बाकी ठणठणीत. बोटीवरच्या केबिनमध्ये तिने बॅगेची चेन उघडून टॉवेल बाहेर काढेपर्यंत सरांनी दारातून आत सरकवलेला कार्यक्रमांचा कागद वाचून, आखून, रंगवून ठेवला होता.

"हे बघ. आठ ते आठ चाळीस व्यायाम. मग नाश्ता, पण पस्तीस मिनिटांत उरकायचा. नऊ वीसला नॅपकिनच्या घड्या. दहाला स्वयंपाकघर दाखवणार आहेत. दहा चाळीसला नाच."

"नाच?"

"शिकवतात. येत नसला तरी चालतो."

"अहो, पण आपण सुट्टीवर आलोय ना?"

"म्हणून तर," सर म्हणाले.

पहिला अख्खा दिवस वावटळीसारखा गेला. सरांनी नॅपकिनचा राजहंस केला, मोर केला, तिसऱ्या प्राण्याचं नाव विचारायला थांबायला वेळ नव्हता. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत मागची दोन टेबलं कुजबुजायला लागली, तर सर सवयीने उठून उभे राहिले आणि "मागे शांतता!" असं कडाडले. सगळं सभागृह चिडीचूप झालं. स्पर्धा घेणारी मुलगीसुद्धा हात बांधून उभी राहिली. गरम सूप बायकोने तोंड भाजत प्यायलं, कारण पाचव्या मिनिटाला छोट्या गोल्फची पाळी होती. सिनेमा अर्धा सोडला. पत्ते शिकवण्याच्या वर्गातून ती "जरा जाऊन येते" म्हणून गेली ती वर्ग संपल्यावरच उगवली. सरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, कारण त्यांचं लक्ष थाऱ्यावर नव्हतंच. पत्ते हातात असताना वरच्या मजल्यावर जादूचे प्रयोग चाललेत हे त्यांना टोचत होतं. जादू बघताना वाटत होतं, खाली बर्फाचं शिल्प कोरून संपत आलं असेल. तीन मजल्यांवर एकाच वेळी तीन कार्यक्रम आणि आपण एकटे! शाळेत असला घोळ त्यांनी कधी होऊ दिला नसता.

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला ते नाचाच्या हॉलच्या दाराशी पोचले. बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी चप्पल बदलून आलेच."

दहा पन्नास झाले. अकरा झाले. जोड्या लावायला सुरुवात झाली आणि सरांच्या वाट्याला कुणी नव्हतं. ते रांगेतून बाहेर पडले, लिफ्टची वाट बघवेना म्हणून जिन्याने चार मजले उतरले. केबिन रिकामी. पलंग नीट लावलेला. तिचा फोन उशीवर पडलेला, तसाही समुद्रावर त्याचा उपयोग नव्हता.

आधी त्यांना राग आला. मग ते खायच्या हॉलमध्ये, दुकानांत, पोहण्याच्या तलावाकाठी, प्रथमोपचाराच्या खोलीत जाऊन आले आणि राग कुठे गेला कळलं नाही. वरच्या उघड्या डेकवर कठड्याला धरून त्यांनी एकदा खाली पाहिलं. पाणी मागे पळत होतं. कठडा त्यांच्या छातीपर्यंत होता. तिच्या कुठपर्यंत येईल, याचा हिशेब मनात सुरू झाला तसे ते तिथून जवळजवळ पळतच निघाले आणि रिसेप्शनला येऊन धापा टाकत उभे राहिले.

तिथली मुलगी शांत होती. तिने कागद ओढला. "नाव?"

सरांनी सांगितलं.

"वय?"

तेही सांगितलं.

"अंगावर काय कपडे आहेत? रंग सांगा."

सरांनी तोंड उघडलं. काही आठवेना. सकाळपासून ती त्यांच्या शेजारी होती. व्यायामाला होती, नाश्त्याला होती, स्वयंपाकघर बघताना होती. बेचाळीस शिक्षकांपैकी कोण मंगळवारी पाचव्या तासाला कुठल्या वर्गात आहे, हे हा माणूस झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता.

"फिकट..." ते म्हणाले आणि थांबले. "मला नाही सांगता येत."

"असू दे, काका. घोषणा करते. येतील त्या."

बोटभर तिचं नाव पुकारलं गेलं. एकदा, मग पुन्हा. सर जिन्याकडे डोळे लावून उभे राहिले. लिफ्टचं दार चार वेळा उघडलं. ती आली नाही. मग त्यांना थांबवेना.

कठडे पुसणारा एक माणूस सगळ्यात खालच्या उघड्या डेकवर भेटला. सरांनी त्याला हातानेच उंची दाखवली. "अशी एक बाई... गुडघा दुखतो, जरा लंगडत चालते."

"मागच्या टोकाला बघा. जाड दोरांची वेटोळी आहेत ना, त्यांच्या पलीकडे. तिथे असतात त्या," तो म्हणाला. "कालही होत्या दुपारच्या."

"काल दुपारी?" सरांना पत्त्यांचा वर्ग आठवला.

ती खरंच तिथे होती. एक घडीची खुर्ची, चपला काढून ठेवलेल्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. समोर काही नाही. नुसता बोटीमागे फेसाळत उरणारा पट्टा, लांबवर जाऊन विरणारा.

"अगं, कळतं का तुला काही?" सर ओरडले. आवाज फाटला. "बोटभर शोधतोय मी! घोषणा केली, ऐकू नाही आली?"

"आली की."

"मग?"

"वाटलं, नाचायला बोलावताय."

ती पुढे म्हणाली, "छान वाटलं हो. इतकी वर्षं मी लोकांची नावं पुकारायचे. माझं कधी कुणी पुकारलं नव्हतं." मग तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि पाय खाली घेतले. "इतके घाबरलात? बसा. बसा आधी."

सर त्या दुसऱ्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी रंगाचं सांगून टाकलं. लपवता आलं असतं, पण लपवलं नाही. ती आपल्या बाहीकडे बघू लागली. करड्या निळ्या रंगाचा स्वेटर होता. सकाळी डेकवर वारा आहे म्हणून सरांनीच तो बॅगेतून काढून तिच्या हातात दिला होता.

"मी इथे का येते माहितीय?" ती म्हणाली. "माझ्यासमोर कुणी उभं नाही. सव्वीस वर्षं मान वर केली की कुणीतरी उभं असायचं. दुखतंय, खुपतंय, लवकर करा बाई. इथे मान वर केली तरी पाणीच."

सरांचा उजवा पाय हलत होता, हात घड्याळाकडे जात होता आणि ते तो मागे घेत होते. अखेर ते समुद्राकडे बघतच म्हणाले, "दोन महिन्यांनी मी काय करू गं?"

"मला काय माहीत? मलाही पहिले सहा महिने कळलं नव्हतं. तुम्ही शाळेत गेलात की मी उगाच दार उघडून उभी राहायचे, कुणी येतंय का बघत. एकदा तर दवाखान्यापर्यंत जाऊन आले. बाहेरूनच."

"बोलली नाहीस कधी."

"तुमचा तास कुठे मोकळा असायचा?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

उरलेल्या दिवसांसाठी त्यांचा सरळ करार झाला. तिने बसायचं, त्यांनी फिरायचं. सर एकटे सगळं करून यायचे, चढायच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत जाऊन लटकले तेसुद्धा, आणि फळांची बशी घेऊन मागच्या डेकवर वृत्तांत द्यायला हजर व्हायचे. ती विचारायची, "नाव? वय? काय होतंय?" आणि सर म्हणायचे, "खांदा दुखतोय, बाई, लवकर करा."

तिसऱ्या दिवशी बोट एका लहान गावाला लागली. सहा तास मिळणार होते. चार वाजता सगळ्यांनी परत. सरांनी बघायची सात ठिकाणं काढली होती. गावातल्या चौकात आल्यावर बायकोचा गुडघा अडून बसला. ती झाडाखालच्या बाकावर टेकली. सरांनी चौकाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. पाचव्या फेरीला एका किल्ल्या बनवणाऱ्याने त्यांना हटकलं. टपरीत गिऱ्हाईक नव्हतं, स्टुलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता.

"किती फिराल? बसा. काळ्या घेता की पांढऱ्या?"

"मला वेळ नाही," सर म्हणाले आणि पांढऱ्या घेतल्या.

पहिला डाव ते बारा खेळींत हरले. अठ्ठावीस वर्षं चौकोनांशी खेळलेल्या माणसाला हे झोंबलं. दुसरा डावही गेला. तिसऱ्यात त्यांचा हत्ती अडकला. किल्लीवाला मध्येच उठून कुणाचं तरी कुलूप उघडून देई, परत येऊन बसे, घाई म्हणून नाहीच. चौथ्या डावात सर पहिल्यांदा वरचढ झाले. हत्तीला हात घातला आणि कुणीतरी त्यांची कॉलर धरली.

"अहो, पावणेचार वाजले!" बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुम्हाला? तुम्हाला मी वेळ सांगायची?"

"दोन खेळी फक्त. दोनच!"

"बोट सुटेल!"

मग ते पळाले. ती एका पायावर भार देत, सर तिला दंडाला धरून अर्धवट उचलत, मागून किल्लीवाला ओरडतोय, "पट तसाच ठेवतो, पुढच्या वेळी या!" धक्क्याच्या कोपऱ्यावर बोटीचा भोंगा वाजला. शिडीशी उभा असलेला माणूस दोर सोडायच्या बेतात होता. त्याने त्यांच्याकडे पाहून कपाळावर हात मारून घेतला आणि दोघांना आत ओढलं. वर कठड्याला रेलून लोक टाळ्या वाजवत होते.

बायको पायरीवर बसली, श्वास लागलेला, डोळ्यांतून हसून हसून पाणी. सर उभेच होते.

"मी जिंकत होतो," ते म्हणाले. "खरंच सांगतो. हत्ती तिकडे सरकवला असता ना..."

"बर्फ आणा आधी," ती गुडघा चोळत म्हणाली. "मग सांगा हत्तीचं."

सर बर्फ आणायला निघाले. तीन पायऱ्या चढून थांबले, मागे वळले आणि तिच्या अंगावर आज काय आहे ते नीट बघून मगच वर गेले.